खाटकाच्या घरचं पिल्लू

रविवारी संध्याकाळी पर्थहून लेकीचा फोन आला की क्लेम पेंगेली खोटं बोलायचा. "आज कुणी भेटलं का, बाबा?" असं ज्युडिथ न चुकता विचारायची, आणि हा दोन-तीन नावं ठोकून द्यायचा. पोस्टातला अमका भेटला, क्लबातला तमका भेटला, चांगल्या तासभर गप्पा झाल्या. एकदा तर त्याने दोन वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाला भेटल्याचं सांगितलं, आणि ज्युडिथच्या ते लक्षातही आलं नाही. "छान झालं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

वास्तविक क्लेमला ओळखत नाही असं आमच्या बिंडारा गावात एके काळी कुणी नव्हतं. हमरस्त्यावर त्याचं खाटकाचं दुकान होतं. तो आत मटण तोडायचा आणि त्याची बायको मर्ल गल्ल्यावर बसायची. कुणाकडे पाहुणे येणार, कुणाच्या नवऱ्याला डॉक्टरने चरबी बंद केलीय, हे गावाआधी मर्लला कळायचं. मग सुपरमार्केट आलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले चॉप्स आले. "क्लेम, तुझ्या हातचं मटण कुठेच मिळत नाही रे," असं म्हणत म्हणत लोक तिकडे जायला लागले. आमच्या गावाचा हा जुना स्वभाव आहे, तोंडावर गोड बोलायचं आणि गाडी भलतीकडे वळवायची. दुकान बंद झालं. तिथे आता नखं रंगवून देतात.

त्यानंतर एका एप्रिलात, म्हणजे आमच्याकडे थंडीच्या तोंडावर, मर्ल गेली. तिला पोचवायला अख्खं गाव लोटलं. झाकणाच्या भांड्यांतून घरी जेवणं आली, इतकी की फ्रिजचं दार लागेना. आठवड्याभराने लोक आपापली भांडी परत न्यायला आले, आणि ते आले तेच शेवटचे.

तेव्हापासून क्लेम रोज सुपरमार्केटात जायचा. सगळं सामान एकदम आणायचं नाही. आज दूध, उद्या पाव, परवा लोणी. तेवढाच माणसांत वावर. पण गल्ल्यावर आता एकच मुलगी असते, तीही फोनमध्ये डोकं घालून. बाकी सगळी यंत्रं. "वस्तू पिशवीत ठेवा," यंत्र म्हणायचं. कधी कधी दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललेलं तेवढं एकच वाक्य असायचं. सकाळी तो चहा मात्र अजून दोन कपांत ओतायचा. स्वतःचा प्यायचा, मर्लचा गार होऊ द्यायचा, आणि मग सिंकमध्ये ओतून कप विसळून ठेवायचा.

सप्टेंबर आला, म्हणजे आमच्याकडचा वसंत. सप्टेंबरात आमच्या गावात मॅगपायची दहशत असते. एरवी या काळ्यापांढऱ्या पाखराइतका गोड गळा कुणाचा नाही. पण घरट्यात पिल्लं असली की त्याचा नर येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर मागून असा झेपावतो की भल्याभल्यांची गाळण उडते. सायकलवाले हेल्मेटमध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचून साळिंदर होतात. पोरं आइस्क्रीमचे रिकामे डबे डोक्यावर पालथे घालून शाळेत जातात, आणि डब्याच्या मागच्या बाजूला मोठे मोठे डोळे रंगवलेले असतात. बँकेतली बाई रखरखीत उन्हात छत्री घेऊन पळत सुटते. यात कुणाला काही लाज वाटत नाही.

सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या जुन्या निलगिरीवर असंच एक जोडपं होतं. त्यांनी गावात कुणाला सोडलं नव्हतं, पण क्लेमला कधी चोच लावली नव्हती. दुकान होतं तेव्हा मागच्या दारी तो त्यांना किम्याच्या गोळ्या टाकायचा, आणि मॅगपाय एकदा बघितलेला चेहरा विसरत नाही. मित्राचा नाही आणि वैऱ्याचाही नाही. त्यामुळे क्लेम त्या झाडाखालून उघड्या टकलाने, हात मागे बांधून, सावकाश जायचा. मनातून त्याला या गोष्टीचा गर्व होता. त्या वर्षी गर्व करण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काही उरलंही नव्हतं.

ते पिल्लू त्याला दिसलं पेन्शनच्या दिवशी. पार्किंग गच्च भरलेलं, पिकअप गाड्या मागेपुढे होतायत, हॉर्न वाजतायत. ट्रॉल्यांच्या रांगेच्या शेवटी, चाकांच्या मधे, एक करडं पिल्लू उभं होतं. आखूड शेपटी, विस्कटलेली पिसं, चेहऱ्यावर कुणावर तरी रागावल्याचा भाव. लोक बघत होते. एका बाईने फोटो काढला. "अगं बाई, किती गोड!" म्हणाली आणि डोक्यावर हात धरून गाडीकडे पळाली. वाकायची छाती कुणाची नव्हती, कारण बाप कुठून येईल याचा नेम नव्हता.

क्लेमने वर बघितलं. निलगिरी रिकामी होती. त्याने एकदाच बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं नाही. तेवढ्यात एक ट्रॉल्या ढकलणारा "बाजूला व्हा" म्हणत लांबलचक रांग घेऊन आला. क्लेम वाकला, त्याने पिल्लू उचललं आणि कोटाच्या आत घातलं. ते जराही धडपडलं नाही. त्याच्या छातीशी ते ऊबदार लागलं, आणि काळजाची धडधड त्याची की आपली, हे क्लेमला कळेना.

"टाकलं वाटतं तुला," तो त्याला म्हणाला. पाव घ्यायचा राहूनच गेला.

घरी त्याने मर्लची लोकरीची टोपली रिकामी केली. अर्धवट विणलेला निळा स्वेटर सुयांसकट कपाटात ठेवला आणि टोपलीत जुना टॉवेल अंथरला. मग त्याने दुकानातून आणलेलं, हाताने फिरवायचं किम्याचं यंत्र माळ्यावरून काढलं. विकतच्या किम्यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने उत्तमातलं मांस आणलं. एक रेघ चरबीची नको, एक शीर नको. सगळं साफ करून दोनदा यंत्रातून काढलं आणि बोरासारख्या गोळ्या वळल्या. पिल्लाने आ वासला आणि ते असं काही किंचाळलं की खिडकीतल्या कुंड्या हलाव्यात.

"अहो, हो हो साहेब," क्लेम म्हणाला, "जरा धीर धरा. हॉटेल आहे का हे?"

त्या घरात एप्रिलनंतर पहिल्यांदा कुणीतरी कुणाला उत्तर दिलं होतं.

पुढचे दिवस क्लेमचे कसे गेले हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. साहेबांना पहाटे भूक, सकाळी भूक, दुपारी भूक. टोपलीतून उडी मारून ते त्याच्या मागे मागे स्वयंपाकघरभर फिरायचं आणि बुटाची नाडी ओढायचं. क्लेम त्याच्याशी बोलायचा, मोठ्यांदा, पूर्ण वाक्यांत. मर्ल चिडली की भांडी कशी आपटायची, मर्लला गाता कसं येत नव्हतं आणि तरी चर्चमध्ये ती सगळ्यांच्या वरताण कशी ओरडायची, हे सगळं त्याने त्या पाखराला सांगितलं. लेकीला यातलं त्याने कधी काही सांगितलं नव्हतं. सकाळचा दुसरा कप ओतायचा तो विसरला. सुपरमार्केटची रोजची फेरी बंद झाली. आणि रविवारी फोन वाजला तेव्हा तो परसात साहेबांना ऊन दाखवत होता, त्याला ऐकूच आला नाही.

ज्युडिथने पर्थमध्ये बसून नको नको ते मनात आणलं आणि डॉट हॅलोरनला फोन लावला.

डॉट आमच्या गावाबाहेर राहते. परवाना काढून जखमी, पोरकी रानजनावरं सांभाळते. माणसांवर तिचा फारसा जीव नाही आणि ती ते लपवतही नाही. मर्लची मात्र ती जिवाभावाची होती. सोमवारी सकाळी ती क्लेमच्या दारात उभी राहिली. गळ्यात कापडी पिशवी, पिशवीतून कांगारूच्या पिल्लाचे दोन कान बाहेर.

"जिवंत आहेस ना रे, म्हाताऱ्या?" ती म्हणाली. "तुझी लेक तिकडे रडकुंडीला आलीय. फोन उचलायला हात मोडले का?"

"आहे जिवंत. बघितलंस ना? जा आता," क्लेम म्हणाला. त्याने दार अर्धवटच उघडलं होतं.

नेमकं तेव्हा आतून साहेब किंचाळले.

डॉटने दार ढकललं. स्वयंपाकघरात जाऊन ती टोपलीसमोर गुडघ्यांवर बसली. मग तिने पिल्लाला जमिनीवर ठेवलं. ते उभं राहिलं नाही, मांडी घातल्यासारखं बसलं. उजवा पाय बाहेरच्या बाजूला गेला होता.

"कधीपासून असं बसतंय?"

"दोन-तीन दिवस झाले. दमलंय ते. दिवसभर धावपळ असते त्याची," क्लेम म्हणाला. "तशी तब्येत उत्तम आहे. खाणं बघ त्याचं!"

"काय घालतोस?"

"किमा. घरी काढलेला. असला किमा या गावात कुणाच्या ताटात पडत नसेल. चरबी नाही, शीर नाही, हाडाचा कण नाही."

"हाडाचा कण नाही," डॉट म्हणाली. "ते बाहेर काय खातं रे, क्लेम? भुंगे, अळ्या, सरडे. कवचासकट, हाडासकट. त्यातून त्याची हाडं होतात. किमा टाकून टाकून या गावाने किती पाखरं लंगडी केली त्याची मोजदाद नाही, पण ते बाहेर दुसरंही काही खातात म्हणून निभावतं. तुझ्याकडे याला दुसरं काय मिळणार? तू सगळं निवडून दिलंस. हाड आणि मांस वेगळं केलंस. जन्मभर तेच केलंस म्हणा!"

क्लेमने खुर्चीची पाठ धरली. चांगल्यात चांगलं द्यायचं म्हणून त्याने जे जे केलं होतं, त्यानेच पोराचा पाय वाकवला होता.

"मरेल का?" त्याने विचारलं.

"नाही मरणार. वेळेवर कळलं. पाय पूर्ण सरळ होईल की नाही, सांगत नाही." डॉटने पिशवी चाचपून कॅल्शियमच्या भुकटीची डबी काढली. "हे घाल आणि किडे घाल. किमा फेकून दे. थोडं बळ आलं की आईबापाकडे परत."

"त्याला आईबाप नाहीत. टाकलंय त्याला. मी बघितलं, झाडावर कुणी नव्हतं."

"अरे, या वयात ती जमिनीवरच असतात! उडायला शिकतात. आईबाप चारा आणायला गेलेले असतात. फार तर उचलून जरा फांदीवर ठेवायचं आणि आपल्या वाटेने जायचं. शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे हे."

"मी नाही देणार," क्लेम म्हणाला.

"क्लेम."

"नाही म्हटलं ना! तुझ्याकडे ढीगभर आहेत. माझ्याकडे हे एक आहे. तू जा."

डॉट उठली. कांगारूच्या पिल्लाचे कान तिने आत सारले. दारात थांबून ती म्हणाली, "सकाळी त्या ट्रॉल्यांपाशी जाऊन एकदा बघून ये. मग मी काही बोलणार नाही. तुझं तू ठरव."

तो दुसऱ्या दिवशी गेला नाही. तिसऱ्या दिवशीही गेला नाही. भुकटी घातली, परसातले दगड उलथून किडे शोधले, गुडघे दुखेपर्यंत शोधले. पिल्लू उभं राहायला लागलं. त्या आनंदात त्याने साहेबांना खांद्यावर बसवलं, आणि त्याच्या मनात आलं की आता याला टोपलीत ठेवून पाव आणायला जायला हरकत नाही. पावाचं निमित्त होतं, हे त्यालाही कळत होतं.

पार्किंगमध्ये गर्दी होती. ट्रॉल्यांच्या रांगेच्या शेवटी, जिथे त्याने पिल्लू उचललं होतं तिथेच, मॅगपायची मादी उभी होती. चोचीत एक जाडजूड पांढरी अळी वळवळत होती. ट्रॉल्या खडखडत आल्या की ती उडून बाजूला व्हायची, त्या गेल्या की परत तिथेच यायची. अळी चोचीत धरूनच ती घशातल्या घशात हाक मारायची आणि मान वाकडी करून ऐकायची. पुन्हा हाक, पुन्हा ऐकणं. लोक तिच्या बाजूने सामान नेत होते. बऱ्याच वेळाने तिने ती अळी स्वतःच गिळली आणि ती उडून गेली.

क्लेमला एकदम सिंकमध्ये ओतलेला चहा आठवला. रोजचा, गार झालेला. तो एका गाडीला टेकून उभा राहिला आणि त्याला रडू कोसळलं. भर पार्किंगमध्ये, सगळ्यांदेखत. कुणीतरी "बरं आहे ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेलं.

घरी येऊन त्याने डॉटला फोन केला. "शिडी आहे माझ्याकडे," एवढंच म्हणाला.

मर्लने जपून ठेवलेल्या आइस्क्रीमच्या डब्यांतला सगळ्यात मोठा त्याने काढला. तळाला भोकं पाडली, आत वाळलेलं गवत घातलं, पाय अडकवायला एक आडवी काडी घातली. सकाळी सुपरमार्केट उघडायच्या वेळी तो आणि डॉट निलगिरीखाली पोचले. डॉट शिडी धरून खालून ओरडत होती, "उजवीकडे, उजवीकडे! माणूस आहेस का कसायाचा ओंडका? पडलास तर मी उचलणार नाही, सांगून ठेवते." क्लेमने डबा फांदीच्या बेचक्यात तारेने घट्ट बांधला आणि कोटातून पिल्लू काढून त्यात ठेवलं.

साहेबांनी त्याच्याकडे बघून आ वासला.

"नाही," क्लेम म्हणाला. "आता मी नाही."

तो खाली उतरला. पिल्लू डब्याच्या काठावर चढलं आणि त्याच्याकडे बघून किंचाळायला लागलं. आईबापाला नव्हे, क्लेमला हाक मारत होतं. बुटाच्या नाड्या दिसल्या की मारायचं तीच ही हाक. क्लेमने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण डॉटने त्याचा दंड पकडला. "एक शब्द बोललास तर सगळं फुकट," ती म्हणाली. त्याने हात खिशात कोंबले आणि तो पाठ फिरवून चालायला लागला. मागून ती हाक येतच होती.

तेवढ्यात त्याच्या टकलावर तडाखा बसला. पंखांचा वारा, चोचीचा टोचा, आणि कानामागून रक्ताची गरम धार. बाप आला होता. वळून बघतो तर तो गिरकी घेऊन पुन्हा येत होता, सरळ क्लेमच्या तोंडावर. शेजारून बँकेतली बाई छत्री मिटून आरामात चालली होती, तिच्याकडे त्याने ढुंकून बघितलं नाही.

क्लेम आणि डॉट तिच्या गाडीत बसले. काचेतून दिसत होतं. मादी डब्याच्या काठावर उतरली, चोचीत काहीतरी होतं. किंचाळणं थांबलं.

"घेतलं," डॉट म्हणाली. तिने रुमाल काढून त्याच्या डोक्यावर दाबला. "टोपी घालायला काय झालं होतं तुला?"

"मी त्या दिवशी एकदाच वर बघितलं होतं, डॉट," क्लेम म्हणाला. "पुन्हा बघितलं असतं तर दिसले असते. म्हणून नाही बघितलं."

डॉटने रुमाल आणखी घट्ट दाबला. "मर्ल असती तर तुझं डोकं तिनेच फोडलं असतं," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

काही दिवसांनी पिल्लू उडालं. उजवा पाय थोडा वाकडाच राहिला. उन्हाळाभर क्लेम लांबून, पोस्टाच्या पायरीवरून त्याला बघायचा. घरात टोपली रिकामी होती. त्याने लोकर परत भरून ठेवली, यंत्र माळ्यावर गेलं, आणि सकाळी दुसरा कप पुन्हा दिसायला लागला. डॉट मधून मधून यायची, शिव्या घालायची, जायची. रविवारी फोनवर क्लेम पुन्हा नावं सांगायला लागला.

पुढच्या सप्टेंबरात गावाला एक नवी गंमत बघायला मिळाली. निलगिरीवरचं जोडपं त्या वर्षी कुणाच्या वाटेला फारसं जात नव्हतं. पोरांनी डोक्यावरचे डबे काढून टाकले. पण क्लेम पेंगेली कोपऱ्यावर दिसला रे दिसला की तो नर झाड सोडून त्याच्यावर तुटून पडायचा. शंभर माणसांतून बरोबर त्यालाच वेचून काढायचा. लोक हसून बेजार. "काय क्लेम, उधारी ठेवलीस की काय त्याची?" क्लबातले ओरडायचे. डॉटने त्याला रुंद काठाची टोपी आणून दिली. ती खुंटीवर तशीच राहिली. मागच्या रस्त्याने सुपरमार्केटला जाता येत होतं, तिकडूनही तो गेला नाही.

एका रविवारी तो दूध आणायला निघाला. झाडाखालच्या गवतात एक करडं, आता अंगाने भरलेलं पाखरू किडे टिपत होतं, उजव्या पायाने लंगडत. क्लेम थबकला.

"साहेब," तो हळूच म्हणाला.

पाखराने मान वर केली. एका डोळ्याने त्याच्याकडे नीट बघितलं. मग त्याने चोच उघडली आणि ते किंचाळलं. ही ती भुकेची हाक नव्हती. वैरी दिसला की आईबाप ओरडतात तशी होती. आई धावून आली, बाप धावून आला, आणि त्यांच्या मागून, वाकडा पाय पोटाशी धरून, तेही आलं. क्लेमने हात वर केला नाही. तो मान खाली घालून, हात मागे बांधून, सावकाश चालत गेला.

संध्याकाळी पर्थहून फोन आला. क्लेम आरशासमोर कापसाने टक्कल पुसत होता.

"आज कुणी भेटलं का, बाबा?"

"हो," क्लेम म्हणाला. "तिघे भेटले."

"अरे वा! कोण कोण?"

"आहेत आपले जुने," तो म्हणाला. "लांबूनच ओळखलं मला."